शकुच्या टाचेवरचा डाग

त्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं मला. शकु नुसती सोबत आली होती.

माझ्या पाठीवर, ब्लाउजच्या काठाखाली, एक मस वाढत होता. आधी तो मसुराच्या दाण्याएवढा होता, मग वाटाण्याएवढा झाला, काळपट झाला आणि कपडा घासला की खाजायला लागला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मला रिकामा वेळ फार, आणि रिकाम्या वेळात मी मोबाइलवर नको ते वाचत बसते. तीळ वाढला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला तर तो कातडीचा कॅन्सर असू शकतो, असं कुठेतरी वाचलं आणि माझी झोपच उडाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "या वयात मस येतातच." मग मी शकुला फोन केला.

"उद्या नको," ती म्हणाली, "उद्या पोरींची मॅच आहे. परवा जाऊ."

एवढंच. काय झालं असेल म्हणून विचारलं नाही, घाबरू नको म्हटलं नाही. पण परवा ती माझ्याआधी घाटकोपरला येऊन दवाखान्याच्या जिन्याशी उभी होती.

शकुंतला तांबे आणि मी तरुणपणी एकाच संघातून कबड्डी खेळलो. मी डाव्या कोपऱ्यात पकडीला असायचे आणि ती चढाईला. तिच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात भावंडं बरीच होती, आणि त्या सगळ्यांत पहिली कायमची नोकरी शकुला मिळाली, तीही खेळाडूंच्या कोट्यातून, बँकेत. एका स्पर्धेत तिचं बोट मोडलं होतं. तिनं ते शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलं आणि उरलेला डाव खेळली. आम्हाला कळलं ते बक्षीस घेताना, तिनं डावा हात पुढे केला म्हणून. पुढे लग्न झालं, मुलुंड पूर्वेला घर झालं, श्रुतिका झाली. बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन शकु मुलुंडच्या मैदानावर मुलींना शिकवायला लागली. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी दुसरी. मातीवर अनवाणी, मॅटवर बूट.

आणि दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. दशरथभावोजी भांडुपच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. हसरा, बडबड्या माणूस. रविवारी दुपारी जेवता जेवता मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेजारी डॉक्टर आणायला धावले. डॉक्टर येईपर्यंत शकुनं ताटं उचलून घासून ठेवली होती. त्यानंतर बारा-तेरा दिवस लोक तिच्याकडे बघत राहिले, ती आता रडेल, मग रडेल म्हणून. ती रडली नाही. आलेल्यांना चहा विचारत राहिली. तेराव्यानंतर मैदानावर परत गेली.

मी तेव्हा म्हणायचे, शकु खंबीर आहे. सगळेच म्हणायचे.

घाटकोपरला खाली फरसाणाचं दुकान आणि वर दवाखाना, अशी ती जागा. डॉक्टर अनुपमा वाघमारे पन्नाशीच्या आतबाहेरच्या असतील. मूळच्या बीडकडच्या, बोलणं मोकळं. त्यांनी माझा मस आधी डोळ्यांनी पाहिला, बोटानं चाचपला. मग त्यावर चिकट पारदर्शक जेल लावलं आणि टॉर्चएवढं एक भिंग टेकवलं. त्या भिंगाला स्वतःचा उजेड होता आणि ते संगणकाला जोडलेलं होतं. मी पालथी पडले होते, पण मान वळवली की पडदा दिसत होता. माझ्या पाठीवरचा तो वाटाणा पडद्यावर ताटाएवढा झाला होता.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "हे पांढरे पांढरे दाणे दिसतात ना, आणि या अक्रोडासारख्या घड्या. हा वयाचा मस आहे. वरून चिकटवल्यासारखा असतो, मुळाशी काही नाही. त्रास होत असेल तर काढू, नाहीतर राहू दे."

"कापून तपासायला नको?"

"पूर्वी शंका आली की कापायचो. आता आधी या डर्मोस्कोपनं बघतो. कातडीच्या वरच्या थराखालचा रंग कसा पसरलाय ते यात दिसतं. निम्म्या लोकांना तर सुरी लागतच नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी उठून बसले, पदर सारखा केला आणि उगाच हसायला लागले. त्या हसण्याच्या भरातच मी म्हणाले, "डॉक्टर, हिची टाच पण बघा ना एकदा. काळी पडलीय."

शकु खुर्चीवर बसली होती. म्हणाली, "काही नाही गो ते. खेळाचं आहे. रक्त साकळलंय."

"कोण म्हणालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या नाक्यावरचे डॉक्टर. खेळणाऱ्यांच्या टाचेत होतं म्हणाले. मी वज्रीनं घासते."

"घासल्यावर जातं?"

"नाही."

"केव्हापासून आहे?"

शकुनं थोडा विचार केला. "मिस्टर होते तेव्हापासून."

डॉक्टरांनी टेबलाकडे हात केला. मी उतरले आणि शकु चढली. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला तो डाग होता. मी तो अनेकदा पाहिला होता, म्हणजे पाहूनही पाहिला नव्हता. सुपारीएवढा असेल. एका बाजूला तपकिरी, एका बाजूला अगदी काळा, आणि कड अशी की कागदावर शाई फुटावी.

"खेळाडूंच्या टाचेत रक्त साकळतं, ते खरं आहे," जेल लावता लावता डॉक्टर म्हणाल्या. "त्याला काळी टाच म्हणतात. पण टाचेची कातडी सारखी बदलत असते. रक्त असतं तर इतक्या दिवसांत ते वर सरकत सरकत निघून गेलं असतं."

मग त्यांनी भिंग टेकवलं. थोडं सरकवलं, पुन्हा टेकवलं. पडद्यावर शकुची टाच आली. त्यावर समांतर रेघा होत्या, बोटाच्या ठशावर असतात तशा, पण जाड. काळा रंग त्या रेघांवरून पट्ट्यापट्ट्यांनी धावत होता.

"दुखतं?"

"नाही."

"खाज? कधी रक्त आलं?"

"नाही. काहीच नाही."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "आमच्याकडे शेतात सरी-वरंबा काढतात. सरी म्हणजे खोलगट भाग, वरंबा म्हणजे उंचवटा. तळपायाची कातडी तशीच असते. साधा तीळ असला तर त्याचा रंग सरीत बसतो. तुमचा रंग वरंब्यावर आहे. हे मला आवडलेलं नाही."

"म्हणजे कॅन्सर?" शकुनं विचारलं. बस कितीची आहे, असं विचारावं तसं.

"चित्रावरून मी नाव देणार नाही. चित्र एवढंच सांगतंय की याला असं सोडायचं नाही. नाव तुकडा तपासल्यावर कळेल."

मला राहवेना. मी म्हणाले, "डॉक्टर, मी वाचलंय, न कापता आतल्या पेशी दिसतात असं एक मशीन असतं."

"कॉन्फोकल. आहे, पण मोजक्या ठिकाणी. चेहऱ्यावरच्या पातळ कातडीत त्याला छान दिसतं. टाचेची कातडी इतकी जाड की त्याचा उजेड आत पोचतच नाही. इथे तुकडाच काढावा लागेल. मात्र कुठून काढायचा ते या चित्रावरून ठरेल. नाहीतर डागाच्या साध्या भागातला तुकडा निघतो आणि सगळे निर्धास्त होतात." त्यांनी शकुपुढे कागद धरला. "परदेशात हा आजार उन्हानं भाजलेल्या अंगावर जास्त. आपल्याकडे तळपायाला, नखाखाली. तिथे कोण बघतं?"

शकुनं टाचेवरचं जेल कागदानं पुसलं आणि चप्पल घातली.

खाली आल्यावर तिनं फरसाणाच्या दुकानातून पोरींसाठी शेव घेतली. मी तिच्या शेजारी उभी होते. बसस्टॉपवर ती म्हणाली, "तुझं काही निघालं नाही, बरं झालं." ती हे मनापासून म्हणाली. पण आवाजात वरखाली काही नव्हतं.

श्रुतिकाला सांगायचं तिच्या मनात नव्हतं. मी मागेच लागले. श्रुतिका अंधेरीला एका विमा कंपनीत आहे, तिथेच मैत्रिणींबरोबर राहते, रविवारी घरी येते. त्या रविवारी शकुनं मलाही जेवायला बोलावलं. कोलंबीचं कालवण केलं होतं. पहिलं वाढून झालं, आणि दुसऱ्यांदा भातावर कालवण घालता घालता शकु म्हणाली, "माझ्या टाचेत काहीतरी आहे. मंगळवारी तुकडा काढणार. कदाचित कॅन्सर असेल."

श्रुतिकाचा हात ताटात तसाच राहिला. "आई, तू हे मला कोलंबी वाढताना सांगतेस?"

"मग कधी सांगू?"

"मावशी, हिला सांग ना काहीतरी." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आईकडे. "तू घाबरली नाहीस?"

"घाबरून काय होणार आहे?"

"काय होणार म्हणजे? माणसं घाबरतात, आई. बाबांच्या वेळी पण तू असंच केलंस. बाबा तिथे पडलेले आणि तू ताटं घासत होतीस."

मी मान खाली घातली. शकुनं लेकीला विचारलं, "उष्टी ताटं तशीच ठेवायची होती का?"

ती उलटून बोलली नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. श्रुतिका उठून आत गेली. आम्ही दोघी जेवत राहिलो. कालवण चांगलं झालं होतं.

मंगळवारी एका मोठ्या रुग्णालयात तुकडा काढला. डॉक्टर अनुपमांनी पडद्यावरचं चित्र छापून दिलं होतं आणि त्यावर सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागेला गोल केला होता. तिथल्या सर्जननी ते चित्र टाचेशेजारी धरून जागा नक्की केली. टाचेला बधिर करण्याचं इंजेक्शन फार दुखतं म्हणे. सुई टाचेत जाताना मी तोंड फिरवलं. सर्जन म्हणाले, "दुखलं तर सांगा हं." शकु म्हणाली, "दुखतंय." पाय जराही हलला नाही. सर्जननी थांबून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं की ती थट्टा करतेय.

रिपोर्ट आला त्यात मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, हा शब्द होता. पण थर पातळ होता. आजार अजून कातडीच्या वरच्या भागात होता, खाली उतरायला नुकती सुरुवात झाली होती. जांघेतल्या गाठींची सोनोग्राफी केली, तिथे काही नव्हतं. सर्जन म्हणाले, लवकर सापडलं. आणखी एखादं वर्ष वज्रीनं घासत बसला असतात तर बोलणं वेगळं असतं. डाग आणि त्याच्या भोवतीची चांगली कातडीसुद्धा काढायची, मांडीची कातडी तिथे लावायची, असं ठरलं.

ऑपरेशन झालं. शकु कित्येक आठवडे पलंगावर होती, पाय उशीवर. श्रुतिकानं घरून काम घेतलं. ती स्वयंपाक करायची, ड्रेसिंगला घेऊन जायची, आणि आईशी कामापुरतं बोलायची. मी भांडुपहून एक दिवसाआड जायचे. मैदानावरच्या पोरी घोळक्यानं यायच्या. त्यांची कॅप्टन दिशा एकदा पलंगाशी उभी राहून रडायलाच लागली. शकु तिला म्हणाली, "रडू नकोस. तुझा डावा पाय चढाईत मागे राहतो, त्याच्याकडे बघ." दिशा हसली, सगळ्या हसल्या. शकु हसली नाही. पोरी गेल्यावर मी म्हणाले, "किती जीव लावतात तुला."

"हो," ती म्हणाली. ती पंख्याकडे बघत होती. "माधुरी, एक सांगू? सगळे म्हणतात, शकु धीराची आहे. हा धीर नाय गो. मला काही वाटतच नाही. भूक लागते म्हणून जेवते, सकाळ होते म्हणून उठते. पोरी जिंकल्या की टाळ्या वाजवते, हात वाजतात इतकंच. रिपोर्ट वाचला तेव्हा वाटलं, आता तरी काहीतरी होईल आत. नाही झालं. दुसऱ्याच कुणाचा कागद वाचतेय, असं वाटलं."

"दशरथभावोजी गेल्यापासून?"

"असेल. मोजलं नाही."

मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा टाकतेस? साखर वरच्या डब्यात आहे."

पाय बरा झाला. टाचेवर मांडीची कातडी आली, फिकट आणि मऊ, दुसऱ्याच्या अंगाची वाटावी अशी. तिथे स्पर्श कळत नाही, असं ती म्हणाली. काठी घेऊन चालायला लागली आणि मग तपासण्या सुरू झाल्या. डॉक्टर अनुपमांनी तिला आडवं करून डोक्यापासून पायापर्यंत एकेक तीळ भिंगाखाली घातला, फोटो काढून संगणकात ठेवले. पुढच्या खेपेला तोच तीळ पुन्हा बघायचा, जुन्या फोटोशेजारी नवा ठेवायचा. काही हललं असेल तर तेवढंच कापायचं. उगाच कुठेही सुरी नाही.

"मुलीलाही एकदा आणा," शेवटी त्या म्हणाल्या. "घाबरायचं कारण नाही. नुसतं बघून ठेवू."

शकुनं घरी जाऊन श्रुतिकाला निरोप दिला. श्रुतिका सहज म्हणाली, "बरं, दाखवते. माझ्या पण तळपायाला तीळ आहे एक. कॉलेजपासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शकुचा फोन आला. "तिच्या पायाला तीळ आहे," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं." आणि फोन ठेवला. पुढे काही सांगायचं असेल म्हणून मी वाट बघत राहिले, पण पुन्हा फोन आला नाही. शनिवारी आम्ही तिघी घाटकोपरला गेलो.

श्रुतिका टेबलावर पालथी झोपली. तळपायाच्या मधल्या खोलगट भागात एक तीळ होता, तुरीच्या डाळीएवढा, गडद. मला तो साधाच वाटला, पण आता मला कुठलाच डाग साधा वाटत नव्हता. डॉक्टरांनी जेल लावलं, भिंग टेकवलं. पडद्यावर रेघा आल्या. त्यांनी भिंग फिरवलं, मान वाकडी केली, पुन्हा फिरवलं.

"काय आहे?" शकुनं विचारलं.

"जरा थांबा."

"वरंब्यावर आहे का?"

"नीट कळत नाही. इथे कातडीच्या रेघा पुसट आहेत. दोन्हीकडे रंग असल्यासारखा वाटतोय."

शकु उठून उभी राहिली. काठी खुर्चीला टेकवलेली होती ती घसरून पडली, तिनं उचलली नाही. "म्हणजे काय? दोन्हीकडे म्हणजे काय? माझं होतं तसं आहे का? नीट बघा ना. दुसरं मशीन आणा. ते कॉन्फोकल कुठे आहे म्हणालात, तिथे नेते मी हिला."

"आई, थांब ना," श्रुतिका उशीत तोंड खुपसूनच म्हणाली.

"शाईनं बघू," डॉक्टर म्हणाल्या. "साधी युक्ती आहे."

त्यांनी जेल स्वच्छ पुसलं, ड्रॉवरमधून निळ्या शाईचं पेन काढलं आणि तिळावर आणि भोवताली शाई फासली. मग कोरड्या कागदानं हलक्या हातानं पुसून काढली. वरवरची शाई निघून जाते, सरीत गेलेली राहते, असं त्या सांगत होत्या. मी ऐकत होते, पण माझं अर्धं लक्ष मनगटाकडे होतं. शकुनं माझं मनगट धरलं होतं आणि तिची बोटं आत रुतत होती. कधीकाळी सरावात ती एका चढाईत आम्हा तिघींना ओढत रेषेपर्यंत न्यायची, तो जोर अजून त्या हातात होता.

डॉक्टरांनी पुन्हा भिंग टेकवलं. पडद्यावर बारीक निळ्या रेघा उमटल्या, एकीशेजारी एक. आणि तपकिरी रंग त्या निळ्याच्या बरोबर खाली होता. जिथे निळं तिथे तपकिरी. मधले उंचवटे मोकळे होते.

"सरीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्ण सरीत. साधा तीळ आहे हा."

"परत बघा," शकु म्हणाली.

"ताई, स्पष्ट आहे."

"परत पुसा आणि परत बघा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्पिरिटनं सगळी शाई पुसली, नव्यानं फासली, नव्यानं पुसली. पुन्हा तेच चित्र. या वेळी त्यांनी पेनच्या टोकानं पडद्यावर एकेक रेघ दाखवली, लहान मुलाला पाढा शिकवावा तशी, आणि प्रत्येक रेघेला शकु "हो" म्हणत गेली.

शेवटच्या "हो"नंतर ती खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवरच. नव्या कातडीच्या टाचेनं बसताना त्रास झाला असणार. टेबलाबाहेर आलेला श्रुतिकाचा पाय तिनं दोन्ही हातांत धरला. तिच्या बोटांना शाई लागली. हात थरथरत होते, खांदे थरथरत होते, दात वाजत होते. डॉक्टरांनी पाणी दिलं तर अर्धं साडीवर सांडलं. ती स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, "हे काय होतंय मला?"

"भीती आहे, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "जाईल थोड्या वेळानं."

श्रुतिका उठून बसली होती. आईला तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

"तू मला दाखवला का नाहीस?" शकु तिच्यावर ओरडली. "इतकी वर्षं तीळ आहे, आणि मला माहीत नाही?"

"तू विचारलंस का कधी?"

"मी विचारायला पाहिजे? तुला तोंड नाही?"

"बाबा गेल्यापासून तुला काही सांगितलं की तू हो म्हणतेस. नुसतं हो. भिंतीला सांगावं तसं वाटतं, आई." श्रुतिकाचा आवाज फाटला. "मला वाटायचं, मी गेले तरी तू ताटं घासशील."

बाहेर दुसरे पेशंट होते, पण डॉक्टरांनी घंटी वाजवली नाही. शकु फरशीवरून लेकीकडे वर बघत राहिली. तिचे डोळे कोरडेच होते. शेवटी म्हणाली, "पाय पूस. शाई चादरीला लागेल."

श्रुतिकाला एकदम हसू आलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. मी दोघींच्या मध्ये उभी राहून कागद शोधत होते.

यानंतर शकु पहिल्यासारखी झाली, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. ती अजूनही कमी बोलते. मैदानावर खुर्ची टाकून बसते, पोरींना बसल्या जागेवरून ओरडते, जिंकल्या तर टाळ्या वाजवते. टाळ्या वाजवताना तिला काय वाटतं ते मी विचारत नाही. दर तीन-चार महिन्यांनी घाटकोपरला जाते, सगळे तीळ भिंगाखालून जातात. अजून काही हललेलं नाही. डॉक्टर म्हणतात, अशीच काही वर्षं बघत राहायचं.

बदललंय ते इतकंच की ती श्रुतिकाला फोन करते. रोज, आणि विनाकारण भांडते. जेवलीस का, उशिरा का आलीस, पायाचा फोटो पाठव. श्रुतिका माझ्याकडे तक्रार करते, "मावशी, ती मला वेड लावेल." पण फोटो पाठवते.

परवा दुपारी शकुचा मला फोन आला. म्हणाली, "आज मला दशरथचा राग आला."

"कशाबद्दल?"

"मोरीत फळी लावून देतो म्हणाला होता. किती वेळा म्हणाला होता. आज साबण ठेवायला गेले तर जागाच नाही. मोठ्यानं शिव्या दिल्या मी त्याला. शेजारीण बघायला आली."

"मग?"

"मग काय. तिला सांगितलं, काही नाही, नवऱ्याशी बोलतेय."

ती पुढेही बोलत राहिली. तो बाजारातून नेहमी जास्तीची मासळी कशी आणायचा, चप्पल दारात आडवी कशी टाकायचा, घोरायचा किती. मी ऐकत होते. तिचा आवाज मध्येच कुठेतरी अडकायचा आणि पुढे निघायचा. मग म्हणाली, "चल, ठेवते. दूध तापत ठेवलंय."